कॅनडाच्या थंडीत हॉट टबचं इन्सुलेशन: आधी वरचं, मग बाजूचं, खालचं सगळ्यात शेवटी

ओटावाच्या कानाटा, बारहेवन भागात घर घेतलं की बऱ्याचदा मागच्या अंगणातला हॉट टब घरासोबतच पदरात पडतो. ऑक्टोबरपर्यंत मजा असते, मग जानेवारीचं हायड्रोचं, म्हणजे विजेचं, बिल येतं आणि घरात चर्चा सुरू होते की टब ठेवायचा की काढून टाकायचा. माझं म्हणणं असं की काढायची घाई करू नका, पण होम डिपोत जाऊन दिसेल तो फोम आणून टबाच्या पोटात कोंबायचीही घाई करू नका, कारण बहुतेक लोक नेमकं चुकीच्या टोकापासून सुरू करतात. बाजूचे पॅनल उघडून आत इन्सुलेशन भरतात आणि वरचं कव्हर मात्र दहा वर्षांपूर्वीचं, पाणी पिऊन जड झालेलं. अंगात दोन स्वेटर आणि डोकं उघडं, तसला प्रकार.

आधी गळती मोजा

मोजल्याशिवाय काही विकत आणू नका. मोजणं अवघड नाहीये, एक किचनमधला डिजिटल थर्मामीटर आणि एक मोकळी संध्याकाळ पुरते.

साधारण पाचसहा जणांच्या टबात १५०० लिटर पाणी असतं. एवढं पाणी १ अंश सेल्सियसने तापवायला साधारण पावणेदोन युनिट वीज लागते, म्हणजे पाणी १ अंशाने थंड झालं की तेवढीच पावणेदोन युनिट उष्णता बाहेर गेली. हा आकडा लक्षात ठेवला की पुढचं सगळं सोपं. बाहेर शून्याच्या आसपास आणि वारा नसलेली संध्याकाळ निवडायची (उणे १५ला हा प्रयोग अजिबात नको, पाइप गोठतील), पाण्याचं तापमान लिहून घ्यायचं, कव्हर नीट बंद करायचं, टबाचा ब्रेकर पाडायचा, आणि सहा तासांनी ब्रेकर चालू करून हवेचे नॉब बंद ठेवून जेट मिनिटभर फिरवायचे म्हणजे पाणी ढवळलं जातं, मग परत मोजायचं. टबाच्या स्क्रीनवरचा आकडा धरू नका कारण त्याचा सेन्सर बहुतेक टबात हीटरच्या पाइपजवळ असतो आणि पंप बंद असताना तो टबातल्या पाण्याचं नाही तर पाइपात साचलेल्या पाण्याचं तापमान सांगतो.

आता समजा पाणी ३९ वरून ३७ झालं. २ अंश म्हणजे साडेतीन युनिट, सहा तासांत, म्हणजे सरासरी ५८० वॅट सतत बाहेर चाललेत. आत-बाहेरचा फरक साधारण ३८-३९ अंश होता, म्हणून भागाकार केला की दर अंश फरकामागे १५ वॅट. हा तुमच्या टबाचा नंबर. तो कागदावर लिहून ठेवा, काम झाल्यावर परत काढायचाय.

हा नंबर चांगला की वाईट हे कसं कळणार? अमेरिकेत अशा टबांसाठी एएनएसआय-एपीएसपी १४ नावाचं एक स्टँडर्ड आहे, त्यात टब नुसता गरम ठेवायला किती वॅट चालतील याचं सूत्र दिलंय. ४०० गॅलनच्या, म्हणजे आपल्या १५०० लिटरच्या टबाला ते साधारण २४५ वॅट येतं, पाणी ३९च्या आसपास आणि बाहेर साडेपंधरा अंश असताना. म्हणजे दर अंशामागे साधारण १० वॅट. तुमचा नंबर १० च्या जवळ असेल तर टब ठीक आहे, खर्च करायच्या भानगडीत फार पडू नका. १५-२० असेल तर पुढे वाचा. फरक किती पडतो बघा: ओटावात जानेवारीची सरासरी उणे १० च्या आसपास असते, म्हणजे आत-बाहेर ४९ अंशांचा फरक, १० च्या टबाला दिवसाला १२ युनिट आणि १५ च्या टबाला पावणेअठरा.

बर्फाला विचारा

टबाची गळती कुठून होते हे बघायला थर्मल कॅमेरा असेल तर उत्तमच, पण इथे फुकटचा कॅमेरा आकाशातून पडतो. रात्री चारपाच सेंटीमीटर भुरभुरीत बर्फ पडला की सकाळी टबाला हात न लावता फक्त बघायला जायचं. कव्हरवर सगळीकडे सारखा थर असेल तर कव्हर चांगलं आहे. मधोमध, जिथे कव्हर दुमडतं त्या रेषेवर बर्फ वितळून लांब ओला पट्टा दिसला तर तिथून वाफ निघतेय. एका बाजूचा अर्धा भाग बोडका आणि दुसऱ्यावर बर्फ असेल तर बोडक्या बाजूच्या फोमात पाणी शिरलंय. कडेला खालच्या घेराला बर्फाच्या बारीक सुया लटकलेल्या दिसल्या तर कव्हर टबाच्या काठावर नीट बसत नाहीये. आणि टबाच्या बाजूला जमिनीवर एकाच ठिकाणी बर्फ वितळत असेल तर त्या पॅनलमागे गरम हवा गळतेय, किंवा पाणी, ते आधी बघायचं.

कव्हर, म्हणजे निम्मं काम

उष्णता सगळ्यात जास्त वरून जाते आणि त्यातही वाफेतून. १ लिटर पाण्याची वाफ झाली की साधारण पाऊण युनिटच्या थोडी खाली उष्णता सोबत जाते, म्हणून फटीतून दिसणारी ती सुंदर वाफ फार महाग असते.

पहिली परीक्षा वजनाची. एका माणसाला कव्हरचा अर्धा भाग सहज उचलता आला पाहिजे. दोघं लागत असतील तर आतल्या थर्माकोलला प्लॅस्टिकचं जे आवरण असतं ते फाटलंय आणि फोम पाणी पितोय. असं कव्हर उन्हात वाळवून परत घालणारे लोक आहेत, पण आवरण फाटलेलंच राहतं आणि दोन महिन्यांत परत तेच, त्यामुळे माझ्या मते सरळ नवीन घ्यावं. हिशोबच करू: मधे ४ इंच आणि कडेला अडीच इंच जाडीचं कोरडं कव्हर म्हणजे सरासरी आर व्हॅल्यू (उष्णता अडवायची ताकद, आकडा मोठा तितकं चांगलं) १३ च्या आसपास, उणे २० ला त्यातून जेमतेम ११५ वॅट जातात. तेच पाणी पिऊन आर ३ वर आलं असं धरलं तर ५०० वॅट. हा एकटा फरक दिवसाला नऊ युनिटचा आहे, बाजूला कितीही फोम भरा, ही नऊ युनिट तशीच जाणार.

नवीन घेताना तीन गोष्टी बघा. जाडी ५ ते ४ इंचवाली घ्या, ४ ते अडीच हे गरम प्रदेशातलं प्रकरण आहे. दुमडतं तिथे सलग पट्टी हवी, काही कव्हरांत फक्त दोन टोकांना फोमच्या उश्या असतात आणि मधली फट तशीच राहते. फोमची घनता विचारा, घनफुटाला १ पाउंडपेक्षा दीड किंवा २ पाउंडवाला बर्फाच्या वजनाखाली कमी वाकतो. मापं जुन्या कव्हरवरून घेऊ नका, ते पसरलेलं असतं, टबाच्या काठावरून घ्या आणि कोपऱ्याची गोलाई विसरू नका.

नवीन घ्यायचं नसेल आणि कव्हर कोरडं असेल तर मधल्या फटीत बंद पेशींच्या (पाणी न पिणाऱ्या) फोमची जाड पट्टी आणि चारही बाजूंचे पट्टे घट्ट ओढून कुलूप, एवढ्यानेही बराच फरक पडतो. ते पट्टे तसेही लहान मुलांच्या सुरक्षेसाठी लावायचेच असतात, लोक आळस करतात आणि वाऱ्याने कव्हर रात्रभर हलकं उचललं जातं.

त्याच्या खाली पाण्यावर तरंगणारी चादर टाका. ही सगळ्यात स्वस्त वस्तू आणि पैसे सगळ्यात लवकर वसूल. बुडबुडेवाली असेल तर बुडबुडे पाण्याकडे. कात्रीने टबाच्या आकाराला कापायची, कडेने बोटभर जागा सोडायची. वाफ तिथेच अडते आणि क्लोरीनच्या वाफांनी कव्हरची खालची बाजू कडक होऊन तडकते तेही कमी होतं. फक्त शॉक (पाणी शुद्ध करायच्या रसायनाचा मोठा डोस) टाकल्यावर वीसेक मिनिटं चादर आणि कव्हर दोन्ही उघडी ठेवा, नाहीतर तो सगळा गॅस कव्हरच खातं.

कव्हरवरचा बर्फ मऊ झाडूने काढा, फावडं लावू नका. आणि कडा टबाला गोठून चिकटली असेल तर हिसका देऊ नका, थंडीत व्हिनाइल फाटतं, कोमट पाण्याचा तांब्या ओतला की सुटते.

पॅनल उघडायच्या आधी

हे काम सप्टेंबर-ऑक्टोबरात करायचं. डबीतला फोम आणि टेप दोन्ही थंडीत धड चिकटत नाहीत, आणि बोटंही चालत नाहीत. टब वॉरंटीत असेल तर मॅन्युअल वाचा, आत काही घातलं तर वॉरंटी जाते असं काही कंपन्या लिहितात. ब्रेकर पाडा, आणि पॅनल उघडल्यावर वायरिंगला हात लावायचा नाही, ते काम लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनलाच द्या, ओंटारियोत त्याला ईएसएची (विजेच्या सुरक्षेवर लक्ष ठेवणारी प्रांताची संस्था) परवानगी लागते.

पॅनल निघाले की आत बघा कुठल्या प्रकारचा टब आहे. सगळी पोकळी पिवळट फोमने गच्च भरलेली असेल तर तो फुल फोमचा, त्याच्यात तुम्हाला फार काही करायचं नाही, फक्त मोटारीच्या कप्प्याचं दार आणि एखादं सुटलेलं भोक. आतून मोकळा आणि पाइप दिसत असतील तर तो कडेने इन्सुलेशनवाला, इथेच खरं काम आहे.

आता सगळ्यात महत्त्वाची पायरी, जी लोक उडी मारून पुढे जातात: लीक शोधा. तळाला कोरडे पुठ्ठे पसरा, पॅनल उघडेच ठेवून टब चालू करा, जेट फुल, सगळे वॉल्व्ह फिरवून बघा, आत हात घालू नका, आणि दोनतीन तासांनी ब्रेकर पाडून पुठ्ठे बाहेर काढा. पुठ्ठ्यावर गोल डाग पडला असेल तर त्याच्या सरळ वर बघायचं. पाइपच्या जोडावर पांढरी कडक पुटं दिसली तर तिथे जुना लीक आहे, आत्ता गळत नसला तरी. पंपाच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या चाकीसारख्या नटा हाताने घट्ट करून बघा, निम्म्या वेळा लीक तिथेच असतो. लीक न काढता वर इन्सुलेशन घातलं की पाणी कुठून येतंय हे कधीच कळत नाही आणि टेक्निशियन तासाप्रमाणे पैसे घेऊन तुमचा फोम खरवडत बसतो.

म्हणूनच पाइपांवर स्प्रे फोम मारायला माझा ठाम विरोध आहे. आर व्हॅल्यू चांगली असते, इंचाला ६ च्या आसपास, मान्य, पण पुढच्या दुरुस्तीला तो कापूनच काढावा लागतो.

बाजू

काम सोपं ठेवायचं: इन्सुलेशन टबाच्या भांड्याला नाही, पॅनलच्या आतल्या बाजूला लावायचं. पॅनल काढला की इन्सुलेशनही त्याच्यासोबत निघतं आणि आतले पाइप मोकळे. आणि मोटारीची जी उष्णता वाया जाते (कमी वेगावरचा पंपही साधारण २०० ते ४०० वॅट खातो आणि त्यातलं बरंच गरम हवा होऊन बाहेर पडतं) ती भांडं आणि इन्सुलेशनच्या मधे अडकते आणि पाइपांना ऊब देते.

साहित्य म्हणजे २ इंच जाड एक्सपीएस फोमचे बोर्ड, ते गुलाबी किंवा निळे, इंचाला आर ५, पाणी जवळजवळ पीत नाहीत. पांढरा थर्माकोल म्हणजे ईपीएस स्वस्त, इंचाला ४ च्या आसपास, कोरड्या जागी चालतो. पॉलीआयसो नावाचा फोम कागदोपत्री इंचाला ६ पण थंडीत त्याची ताकद कमी होते, शिवाय ओलसर जागेत कडा उघड्या राहिल्या तर पाणी ओढतो. फायबरग्लासचा गुलाबी कापूस अजिबात नको, ओला झाला की संपला आणि उंदरांना आयतं घर. चकचकीत बुडबुड्यांच्या फॉइलचे दुकानात मोठमोठे आकडे लिहिलेले असतात, ती एकटी आर १ च्या आसपास काम करते, तेही समोर हवेची पोकळी असेल तर. दुसरा थर म्हणून ठीक, पण फॉइल वीज वाहते, त्यामुळे वायरिंगच्या आणि हीटरच्या आसपास ती नकोच.

बोर्ड मोठ्या कटरने अर्ध्या जाडीपर्यंत चिरायचा आणि टेबलाच्या कडेवर दाबून मोडायचा, सरळ तुटतो, करवत लावली तर अंगणभर गुलाबी भुसा उडतो आणि तो वसंतापर्यंत सापडत राहतो. पॅनलपेक्षा पाचेक मिलिमीटर मोठा कापा म्हणजे दाबून बसतो. पाइप किंवा वॉल्व्ह आड येत असेल तिथे बोर्डात खाच करा, जबरदस्तीने पॅनल दाबून बंद करायचा नाही. सांध्यांना लाल टक टेप मारा, इथे बांधकामात सगळे वापरतात तोच. कोपऱ्यातल्या फटीत खिडकी-दारांचा कमी फुगणारा फोम, तोही पॅनलच्या आत चौकटीला, पाइपला नाही. खरं सांगायचं तर वाऱ्याच्या फटी बंद होणं हे इथे आर व्हॅल्यूपेक्षा जास्त उपयोगी पडतं, उणे १५ ची हवा पॅनलच्या खालून शिरून वरून निघत असेल तर बोर्ड २ इंचाचा असो की ४.

मोटारीची बाजू वेगळी. हीटरच्या नळीपासून आणि मोटारीपासून फोम वीतभर तरी लांब ठेवा, मोटारीला तर काहीच गुंडाळायचं नाही. कारखान्याने ठेवलेली हवेची भोकं हिवाळ्यात थोडी झाकली तरी पूर्ण बुजवू नका, आणि मे महिन्यात आठवणीने मोकळी करा, नाहीतर उन्हाळ्यात टब ३८ वर सेट केलेला असून पाणी ४० वर जातं आणि उतरतच नाही. बहुतेक मोटारींच्या पाटीवर आसपासच्या हवेचं कमाल तापमान लिहिलेलं असतं, ४० किंवा ५० सेल्सियस. आत एक वायरलेस थर्मामीटर टाकून ठेवा आणि पहिले काही दिवस बघत राहा, पाटीवरच्या आकड्याच्या जवळ जायला लागलं तर एक बाजूचा बोर्ड काढा.

उंदरांचं विसरू नका, खालच्या फटींना बारीक तारेची जाळी लावा, त्यांना फोमही आवडतो आणि वायरही.

खाली

तळाला लोक फार जीव लावतात, मला ते फारसं पटत नाही. गरम पाणी वर, मधे हवा, खाली जमीन, तिथून जाणारी उष्णता वरच्या मानाने कमी. पॅनल उघडलेलेच आहेत तर तळावर एक्सपीएसचे तुकडे टाका, पण लीक झालं तर पाणी बाहेर जायला जागा सोडा. टब नव्याने बसवत असाल तरच काँक्रीटवर २ इंच एक्सपीएस टाकायचा विचार करा, वजनाची भीती बाळगू नका, भरलेला टब आणि आतली माणसं मिळून चौरस इंचाला १ पाउंडही दाब येत नाही आणि बोर्ड १५-२५ पाउंड सहज झेलतात. टब लाकडी डेकवर असेल तर मात्र खालून वारा फिरतो, डेकच्या कडेला फळ्या मारून तो अडवा.

वायव्येकडून येणारा वारा टबावर थेट आदळत असेल तर त्या बाजूला लाकडी पडदा उभा करा, टबापासून दोन फूट लांब, म्हणजे पॅनल काढता येतील. आत बसल्यावर कान गोठत नाहीत हा फायदा वेगळा.

सेटिंग, जे फुकट आहे

टबातून उठताना हवेचे नॉब बंद करा. ते उघडे राहिले की फिल्टर चालू असताना जेटमधून बाहेरची उणे २० ची हवा थेट पाण्यात ओढली जाते, तुमचं सगळं इन्सुलेशन एका बाजूला आणि हे एका बाजूला. धबधबा आणि कारंजीही बंद.

४० ऐवजी ३७ ठेवलं तर उणे १० च्या हवेत साधारण ६ टक्के वाचतात, ठीक आहे, चमत्कार नाही. "बंद करून परत तापवायला जास्त वीज लागते" हे जे प्रत्येक पार्टीत कोणीतरी सांगतं ते चूक आहे, पाणी जितकं थंड तितकी गळती कमी, त्यामुळे आठवडाभर बाहेर जाणार असाल तर २७-२८ वर आणून ठेवा. पण पूर्ण बंद नाही, हिवाळ्यात कधीच नाही. रोज वापरत असाल तर खालीवर करण्यात फार काही हाती लागत नाही.

ओंटारियोत रात्रीच्या स्वस्त दराचा प्लॅन घेतला असेल, ११ ते ७ वाला, तर तापवायचं आणि फिल्टरचं टायमिंग रात्रीत ढकला आणि सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ४ ते ९ टाळा, तेव्हा दर सगळ्यात जास्त असतो. इन्सुलेशन चांगलं असेल तरच हे जमतं, १० च्या टबाचं पाणी उणे १० ला तासाला जेमतेम ०.३ अंश उतरतं, म्हणजे ४ ते ९ हीटर बंद ठेवला तरी दीड अंशच.

लाइट गेली तर

१९९८ च्या जानेवारीतलं आइस स्टॉर्म ओटावातली जुनी माणसं अजून सांगतात, काही भागांत आठवडे-आठवडे वीज नव्हती. तेवढं नाही झालं तरी एखादी रात्र लाइट जाणं इथे नवीन नाही. अशा वेळी कव्हर अजिबात उघडायचं नाही, आणि लक्षात ठेवायचं की भांड्यातलं पाणी शेवटी गोठतं, आधी गोठतात पॅनलच्या आतले बारीक पाइप कारण त्यांच्यात पाणी फिरत नसतं. आपण बोर्ड पॅनलला लावलेत, पाइप आणि भांडं एकाच उबदार पोकळीत आहेत, त्यामुळे भांड्याचीच ऊब पाइपांना बराच वेळ सांभाळते. बाहेरून भोकांवर जुनी ब्लँकेट टाका, लाइट आल्यावर मोटार सुरू व्हायच्या आधी काढा. पंपच बिघडलाय पण घरात वीज आहे अशी वेळ आली तर ब्रेकर पाडून पॅनलच्या आत गरम पाण्याचे कॅन ठेवा आणि दर काही तासांनी बदला, टेक्निशियन येईपर्यंत निभतं. दोनतीन दिवस काहीच होणार नाही असं दिसलं तर पाणी अजून कोमट असतानाच टब रिकामा करून पाइपांतलं उरलेलं पाणी वेट व्हॅक्यूमने ओढून काढा, प्रत्येक जेटमधून, आणि पंपाच्या खालचे ड्रेनचे छोटे प्लगही उघडे ठेवा.